बेथलेहेमाहून बाबांस

बेथलेहेम,
शनिवार, दि. १६ फेब्रुवारी २०१९

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
कृतानेक सलाम.

आम्ही दोघेही सुखरूप आहोत. प्रवासाचा आज सहावा दिवस. उद्या पहाटे पाच वाजता बस इजिप्तकडे निघणार असल्यामुळे मंडळी लवकर झोपली आहेत आणि मी हॉटेलच्या खालच्या दालनात दिव्याजवळची एक खुर्ची धरून बसलो आहे. निघताना तुम्ही बजावले होते की मोबाइलवर फोटो पाठवत बसू नकोस, त्या एवढ्याशा काचेत मला डोंगर कोणता आणि चर्च कोणते तेही कळत नाही; जे पाहशील ते कागदावर लिही, आणि जे पाहून वाईट वाटेल तेही गाळू नकोस. आमच्यातले श्रीरामपूरचे एक जोडपे इजिप्तला न येता परवा मुंबईस परतणार आहे. हे पत्र त्यांच्याबरोबर देतो, म्हणजे ते माझ्या आधी पोहोचेल.

तुम्ही डायरीचे पान फाडून त्यावर लिहून दिलेले प्रश्न पवित्र शास्त्राच्या पुस्तकात घडी करून ठेवले आहेत. पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी जी गोष्ट मला इथे सर्वांत आधी जाणवली ती सांगतो. शब्बाथ शाळेच्या भिंतीवर तुम्ही स्वतः रंगवलेला कापडी नकाशा असे. आम्ही मुले खाली सतरंजीवर बसत असू आणि तुमची छडी नासरेथाहून निघून यरुशलेमास पोहोचेपर्यंत दोन-तीन वचने म्हणून होत. त्यामुळे माझ्या मनात हा देश त्या भिंतीएवढा, म्हणजे अफाटच होता. प्रत्यक्षात तो फार लहान आहे, बाबा. ‘दानापासून बैर-शेब्यापर्यंत’ हे शब्द तुम्ही हात दोन्ही बाजूंना पसरून म्हणत असा, ते सारे अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटरांचे आहे, म्हणजे नगरहून मुंबईस जाण्याइतके. आजचा सगळा इस्राएल देश सुमारे २२,००० चौरस किलोमीटरांचा आहे आणि आपल्या एकट्या नगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,००० च्या वर आहे. सकाळी गालिलात न्याहारी करून निघालेले आम्ही वाटेत दोन ठिकाणी थांबूनही संध्याकाळी बेथलेहेमात जेवायला बसलो. पहिल्या दिवशी मला याची थोडी निराशाच वाटली. नंतर वाटले की शुभवर्तमानात माणसे सारखी चालत का असतात याचा उलगडा या लहानपणातच आहे, कारण इथे सगळीकडे चालत जाता येते.

नकाशाचा विषय निघालाच आहे तर मादबाचे सांगतो, कारण तिथे मला तुमची फार आठवण झाली. आम्ही जॉर्डन देशात अम्मानला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मादबा नावाच्या गावी ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीच्या चर्चमध्ये गेलो. तिथल्या फरशीवर रंगीत खड्यांचा एक नकाशा आहे. तो सहाव्या शतकातला असून पवित्र भूमीचे याहून जुने चित्र आज कुठेही उरलेले नाही. १८८४ साली जुन्या चर्चच्या अवशेषांवर नवे बांधण्याच्या काळात तो लोकांच्या नजरेस आला. बराचसा भाग नष्ट झाला आहे, तरी मधोमध यरुशलेम स्पष्ट दिसते, तटबंदी, दरवाजे आणि खांबांचा रस्ता यांसह. नकाशात वरच्या बाजूस उत्तर नसून पूर्व आहे, तेव्हा ओळख पटायला मान वाकडी करावी लागते. पण मला सर्वांत जास्त आवडला तो एक मासा. यार्देन नदी क्षारसमुद्राला, म्हणजे मृत समुद्राला, मिळते त्या ठिकाणी कारागिराने नदीत मासे काढले आहेत आणि त्यांतला एक मासा खाऱ्या पाण्याच्या तोंडाशी येऊन सरळ माघारी वळला आहे. दीड हजार वर्षांपूर्वी गुडघ्यांवर बसून खडे बसवणाऱ्या त्या माणसाला थट्टा सुचली, याचे मला नवल वाटले. तुम्हीही नकाशात योनाच्या माशाला मिशा काढल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही.

नबो पर्वतावर त्या दिवशी धुके होते. मोशेला तिथून वचनदत्त देशाचे जे दिसले त्यातले आम्हाला फारच थोडे दिसले. त्यालाही त्या देशात जायला मिळाले नव्हते, असे म्हणून पाळकसाहेबांनी आमचे समाधान केले. सीमा ओलांडायला तीन तास लागले आणि आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांची डबी तिथल्या तपासणीत दोनदा उघडून पाहण्यात आली. लाडू मात्र शाबूत आहेत, किंवा होते.

आता गालील. तुम्ही आम्हाला ‘गालीलाचा समुद्र’ असे शिकवले आणि शास्त्रातही तसेच आहे, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे; लांबी सुमारे २१ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त १३. उभ्या ठिकाणाहून पैलतीरावरची घरे दिसतात. ‘आपण पलीकडे जाऊ’ असे प्रभू येशूने शिष्यांना म्हटले तेव्हा त्याला बोटाने दाखवता येईल इतके ते पलीकडे जवळ होते. मग वादळ कसले, हा तुमच्या पानावरचा प्रश्न मी नावाड्यालाच विचारला. त्याने हाताने सभोवतीचे डोंगर दाखवले. सरोवराची पातळी समुद्रसपाटीच्या खाली सुमारे २१० मीटर आहे, म्हणजे ते जणू कढईच्या तळाशी आहे. वरच्या पठारावरची थंड हवा एकदम खाली कोसळते आणि घटकाभरात पाणी उसळू लागते. आम्ही गेलो तेव्हा मात्र पाणी तळहातासारखे सपाट होते. नाव मध्यावर गेल्यावर नावाड्याने आपला तिरंगा चढवला आणि ध्वनिक्षेपकावर ‘जनगणमन’ लावले. ज्या देशाची मंडळी येईल त्या देशाचा ध्वज आणि राष्ट्रगीत, असा त्यांचा शिरस्ता आहे. मला ते आधी जरा नाटकी वाटले, पण सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी काही बोललो नाही.

तिथेच किनाऱ्यावर एका संग्रहालयात एक जुनी नाव ठेवली आहे. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचे पाणी आटले तेव्हा दोघा कोळी भावांना ती चिखलात सापडली. पहिल्या शतकाच्या सुमाराची आहे. प्रभूची किंवा त्याचा शिष्य पेत्र याची आहे असा दावा करता येत नाही आणि संग्रहालयही तो करत नाही, ही गोष्ट मला आवडली. ती आठ मीटरांहून थोडी लांब आहे. पण तुम्हाला सांगण्याजोगे आहे ते तिचे लाकूड. ती एका लाकडाची नाही, निरनिराळ्या दहा-बारा जातींच्या लाकडांची आहे. एखादी फळी कुजली की हाताला येईल त्या लाकडाचा तुकडा तिथे बसवायचा, असे कुणीतरी वर्षानुवर्षे केलेले आहे. आईच्या जुन्या गोधडीत जशी आजीच्या लुगड्याची, तुमच्या सदऱ्याची आणि आमच्या शाळेच्या चड्ड्यांची ठिगळे आहेत तशीच. ‘ते तारू सोडून त्याच्यामागे गेले’ हे वाचताना मी नेहमी चित्रातल्यासारखे ऐटदार तारू डोळ्यांपुढे आणत असे. अशी ठिगळे लावून जपलेली, कदाचित बापाकडून मिळालेली नाव किनाऱ्यावर सोडून जायचे, हे काही निराळेच आहे.

दुपारी जेवणात ‘सेंट पीटर्स फिश’ म्हणून अख्खा तळलेला मासा ताटात आला. मंडळी त्याच्याकडे भक्तिभावाने पाहत असताना राहुरीच्या एका बाईंनी मोठ्याने सांगितले, ‘अहो, ही तर चिलापी!’ आणि ते खरेच आहे. उजनीच्या पाण्यात सापडणाऱ्या चिलापीचाच तो भाऊबंद. मसाला मात्र काहीच नव्हता. कुणीतरी पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि सगळ्या टेबलांवर फिरवली.

कफर्णहूम पाहून मी सर्वांत जास्त चकित झालो, कारण ते गाव काळ्या दगडाचे आहे. चित्रांतून पाहून मला वाटे की तिकडचा सगळा दगड पिवळसर असणार. यरुशलेमचा तसा आहेही, पण सरोवराकाठच्या या भागात ज्वालामुखीचा काळा दगड आहे, आपल्या वाड्यांच्या जोत्यांना असतो तसाच. पांढऱ्या चुनखडीच्या सभास्थानाचे जे खांब आज उभे आहेत ते चौथ्या-पाचव्या शतकांतले, पण त्यांच्या खाली काळ्या दगडाचा जुना पाया दिसतो. शेजारी पेत्राचे घर म्हणून दाखवतात. त्यावर पाचव्या शतकात अष्टकोनी चर्च झाले आणि आता १९९० साली त्याच्यावर खांबांवर तरंगणारे नवे चर्च बांधले आहे. आतल्या काचेतून खाली घर पाहायचे. नवी इमारत मला आवडली नाही. आपल्या पाण्याच्या टाकीसारखी दिसते. पण खालच्या खोल्या पाहण्यासारख्या आहेत. खोलीला खोली लागून, मध्ये सामाईक अंगण, आणि भिंती ओबडधोबड दगड नुसते रचून केलेल्या. अशा भिंतींना जड छप्पर पेलत नाही, म्हणून वर वासे, काटक्या आणि माती घालत असत, असे वाटाड्याने सांगितले. म्हणजे धाबे! पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकरून खाली सोडले, ही गोष्ट आमच्या शाळेतल्या मुलांना समजावताना मला दर वर्षी अडचण येते, कारण स्लॅबच्या घरात वाढलेल्या मुलाला छप्पर उकरतात कसे हेच कळत नाही. तुमच्या गावाकडच्या धाब्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही त्यात काही अवघड वाटले नसते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर पांढरी माती टाकायला तुम्ही मला चढवत होता, ते आठवले.

अंगणात एका बाजूला जाती, उखळ आणि तेलाचे घाणे मांडून ठेवले आहेत, सगळे त्याच काळ्या दगडाचे. लहानांना अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधावी, असे वचन आहे, ते मी नेहमी आजीच्या जात्यावरून समजत आलो. आजीचे जाते गळ्यात बांधले तर धट्टाकट्टा माणूस कदाचित हातपाय मारून काठाला लागेलही. इथे मी ज्या तळीजवळ उभा राहिलो ती माझ्या कमरेला लागत होती. ती गाढव जुंपून फिरवायची. मूळ ग्रीक शब्दही गाढवाच्या जात्याचाच आहे, असे पाळकसाहेबांनी सांगितले. मी तिच्यावर हात ठेवला, तेव्हा उन्हाने ती तापलेली होती. शिक्षक असल्यामुळे असेल, पण त्या वचनाची इतकी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

तब्घा येथे पाच भाकरी व दोन मासे यांच्या चमत्काराची जुनी फरशी आहे; पाटीत भाकरी चारच आहेत आणि पाचवी वेदीवर असते असे समजायचे. नासरेथचे मोठे चर्च १९६९ सालचे आहे, भव्य आहे, आणि त्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही. त्यापेक्षा मला डोंगरावरच्या प्रवचनाच्या जागेवरून सरोवराकडे उतरणारा उतार जास्त आवडला. फेब्रुवारीत इथे पावसाळा सरत आलेला असतो, सगळे रान हिरवे आहे आणि त्यात लालभडक फुले उमलली आहेत. शलमोनाच्या वैभवाचा दृष्टान्त देताना प्रभूने बहुधा हात लांब करून एखादे तोडलेही असेल.

आता यार्देन. ‘किती रुंद?’ एवढेच तुम्ही पानावर लिहिले आहे. बाबा, यरीहोजवळ जिथे प्रभूचा बाप्तिस्मा झाला असे मानतात तिथे ती सीना नदीपेक्षा मोठी नाही. पलीकडच्या काठावर जॉर्डन देशाचे शिपाई आणि यात्रेकरू उभे होते आणि त्यांचे बोलणे आम्हाला ऐकू येत होते. मध्ये फक्त एक दोर. पाणी गढूळ, हिरवट-तपकिरी. कापणीच्या दिवसांत दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी यहोशवाच्या पुस्तकात आहे ती ही नव्हे, असे वाटून मी वाटाड्याला विचारले. वरच्या अंगाला सर्व देशांनी मिळून पाणी वळवून घेतले आहे आणि खाली पूर्वीच्या मानाने फारच थोडे पोहोचते, असे त्याने सांगितले. मुळा धरणाखालची उन्हाळ्यातली मुळा पाहिलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगायला नको. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा तारांचे कुंपण आहे आणि त्यावर सुरुंगांचा इशारा देणाऱ्या पिवळ्या पाट्या आहेत. पांढरे झगे भाड्याने मिळतात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते घालून पाण्यात बुड्या घेतल्या. बाप्तिस्मा एकदाच, हे तुमचे म्हणणे मला पाठ असल्यामुळे मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून नुसता पायरीवर उभा राहिलो. चिखल बोटांच्या फटींतून वर आला. फार वेळ उभा होतो, इतका की सूनबाईंना येऊन हाक मारावी लागली.

यरीहोत जक्कयाचे झाड दाखवतात, प्रभूला पाहायला तो बुटका माणूस चढला होता ते. ते तेच असण्याचा प्रश्नच नाही, पण जात तीच. तुम्ही आठवणीने विचारले होते की आपल्या शास्त्रात उंबर म्हटले आहे ते बरोबर की चूक. बरोबर आहे. इंग्रजी पुस्तकांत ‘सिकामोर’ वाचून मी वेगळ्याच कुठल्या परदेशी झाडाची कल्पना करत असे. इथे बुंध्याजवळ जाऊन पाहिले तर खोडालाच घोसांनी लागलेली ती हिरवट फळे, आणि फांद्या इतक्या खाली फुटलेल्या की बुटक्या माणसालाही सहज चढता यावे. आपल्या उंबराचे हे सख्खे चुलत भावंड आहे. मराठीत भाषांतर करणाऱ्यांनी नुसता शब्दकोश उघडलेला नाही, त्यांना झाड ठाऊक होते, असे मनात येऊन मला त्यांचा अभिमान वाटला.

‘यरुशलेमाहून खाली यरीहोस’ यातले ‘खाली’ किती, तेही लिहितो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आणि यरीहो सपाटीच्याही खाली अडीचशे मीटर. मध्ये रस्ता पस्तीस किलोमीटरांच्या आत. म्हणजे माळशेज घाटाहून मोठा उतार, फक्त झाड नावाला नाही. उघडेबोडके डोंगर, त्यांत दऱ्या, कुठेतरी एक मेंढपाळ आणि त्याची काळी शेरडे. वाटेत समुद्रसपाटीची पाटी आहे आणि तिथे एक माणूस सजवलेला उंट घेऊन फोटोसाठी उभा असतो. अशा रस्त्यावर लुटारू असायलाच हवेत. प्रभूच्या दृष्टान्तातल्या शोमरोनी माणसाने लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला आपल्या जनावरावर बसवले म्हणजे तो स्वतः पायी चालला, हे वाचताना कधी लक्षात आले नव्हते. त्या चढाउतारावर ते किती, हे आता कळते.

बेथलेहेमच्या चर्चचे दार जेमतेम चार फूट उंच आहे. प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते आणि आईच्या गुडघ्यांना ते झेपले नसते. चौथ्या शतकात बांधलेले आणि सहाव्या शतकात पुन्हा उभारलेले हे चर्च आजही वापरात आहे. खाली गुहेत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवला आहे. तिथे पोहोचायला आम्हाला पावणेदोन तास लागले आणि ताऱ्यापाशी मिळाले असतील पाच सेकंद, तेही मागून कुणाचा तरी हात पाठीवर असताना. मला काही वाटले नाही, हे तुमच्यापाशी कबूल करतो. मात्र शेजारच्या एका गुहेत जेरोम नावाच्या विद्वानाने शास्त्राचे लॅटिन भाषांतर केले, आणि पौला नावाची विधवा आणि तिची मुलगी त्याला या कामात साहाय्य करत होत्या, हे ऐकले तेव्हा मी थांबलो. आपल्या केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून शेवटच्या दिवसांपर्यंत मराठी शास्त्राच्या कामात गढलेल्या होत्या, ते एकाएकी त्या गुहेच्या शेजारी येऊन बसले. गव्हाणीविषयीचा तुमचा प्रश्न: दगडी. इथे जनावरांना चारा घालायची भांडी चुनखडीचा दगड कोरून केलेली असत आणि गोठा म्हणजे बहुधा घराला लागून असलेली गुहा. नाताळाला आपण चर्चमध्ये कडब्याचे छप्पर घालून जो देखावा करतो तो नगरचा आहे, बेथलेहेमचा नाही. मला तरी तो बदलावासा वाटत नाही.

जे पाहून वाईट वाटले ते इथेच आहे. बेथलेहेमहून यरुशलेम दहा किलोमीटरांवर. मध्ये आठ मीटर उंच काँक्रीटची भिंत आणि तपासणी नाका. आम्ही रोज सकाळी बसमधून जातो, शिपाई पासपोर्टांवर नजर टाकतो आणि पाच मिनिटांत सोडतो. जैतुनाच्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या एका इथल्या ख्रिस्ती म्हाताऱ्याला मी सहज विचारले की पुनरुत्थानाच्या सणाला तुम्ही यरुशलेमास जात असाल ना. परवाना मिळाला तर, तो म्हणाला, आणि पुन्हा पटाशीकडे वळला. तो गव्हाणीतल्या बाळाचे कान कोरत होता, तांदळाच्या कणीएवढे. हजारो मैलांवरच्या नगरहून आम्ही येऊन यरुशलेम पाहतो आणि ज्याच्या गच्चीवरून ते जवळजवळ दिसते त्याला अर्ज करावा लागतो. एकेकाळी या गावात बहुसंख्य ख्रिस्ती होते. आता ते थोडे उरले आहेत आणि तरुण मुले परदेशी जात आहेत. दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोललो. दोघांनाही सांगण्यासारखे पुष्कळ दुःख आहे, तेव्हा पाहुण्याने एका आठवड्यात निवाडा देऊ नये.

दुसरी तक्रार सहलवाल्यांविषयी. गेथशेमाने बागेत आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली आणि त्यांच्या ओळखीच्या दुकानात दीड तास. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा, हे तुम्ही शिकवलेच होते. आठ जुनी जैतुनाची झाडे आहेत, बुंधे पीळ भरलेले आणि पोकळ. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा खोडे बाराव्या शतकातली निघाली. पण जैतून मुळापासून पुन्हा फुटतो, म्हणून खाली किती जुने आहे ते कुणी सांगावे. तिथे मला एक तास हवा होता.

यरुशलेमात प्रभूच्या थडग्याचे चर्च पाहून मी गोंधळलो. सहा पंथांची वाटणी, प्रत्येकाचा कोपरा ठरलेला, एकमेकांवर विश्वास नाही म्हणून दाराच्या किल्ल्या शेकडो वर्षे मुसलमान घराण्यांकडे. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून तशीच आहे, कारण ती हलवायचा अधिकार कुणाचा यावर एकमत होत नाही. मंडळीच्या वार्षिक सभांमध्ये वर्षे घालवलेल्या तुम्हाला हे वाचून हसू येईल. आत धूप, काळोख, ढकलाढकली. दाराशीच एक लालसर शिळा आहे, वधस्तंभावरून उतरवलेल्या देहाला जिथे सुगंधी द्रव्ये लावली असे मानतात. आताची शिळा एकोणिसाव्या शतकातली आहे. तिच्यावर एक इथिओपियाची म्हातारी गुडघे टेकून पांढरे कापड घासत होती, फरशी पुसावी तसे, कडेपर्यंत, नीट. मग तिने ते कापड घडी करून उराशी धरले. आपल्या वळणात हे बसत नाही, आणि माझ्या मनात लगेच टीका उभी राहिली. पण पंढरीहून परतलेल्या शेजारच्या काकू बुक्क्याची पुडी आईच्या हातात देत, तेव्हा त्यांचा चेहरा असाच असे.

आज दुपारी तटाबाहेरच्या बागेतल्या थडग्याजवळ आमची उपासना झाली. शांत जागा, झाडे, खडकात कोरलेले थडगे, दाराशी धोंड लोटायची खोबण. जैतुनाच्या लाकडाच्या इवल्या पेल्यांतून प्रभुभोजन घेतले आणि मन भरून आले. नंतर पाळकसाहेबांनी खरे ते सांगितले: पुराणवस्तुशास्त्रज्ञांच्या मते हे थडगे प्रभूच्या काळाच्या कितीतरी शतके आधीचे आहे, ‘नवी कबर’ नव्हे, आणि ज्या गर्दीच्या चर्चमध्ये मी नाक मुरडून आलो, खरी जागा बहुधा तीच. म्हणजे मला जी पटली ती इतिहासाला पटत नाही. संध्याकाळपासून मी याच गोष्टीवर विचार करतो आहे आणि मला अजून त्याचे उत्तर सापडलेले नाही.

एक गंमत राहिली. काल दुपारी पश्चिमेच्या भिंतीजवळ सूनबाई स्त्रियांच्या बाजूला गेल्या असताना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी त्यांना थेट मराठीत विचारले, ‘कुठच्या गो तुम्ही?’ त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी समाजाच्या, मूळच्या अलिबागकडच्या, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आल्या आणि आता लोद गावात राहतात. घरी अजून मराठी बोलतात, मलिदा करतात आणि सुके बोंबील कुणी आणले तर शेजारीपाजारी वाटतात. आम्ही एलीयाच्या डोंगरावर जाणार का, असे त्यांनी विचारले. वेळ नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या की एलियाहू हनाबीच्या, म्हणजे त्याच एलीया संदेष्ट्याच्या, घोड्याच्या टापा तर अलिबागजवळच खडकावर उमटल्या आहेत, त्या घराजवळ सोडून तुम्ही एवढे पैसे खर्चून इथे कशाला आलात! निघताना त्यांनी ‘शालोम’ म्हटले आणि सूनबाईंच्या तोंडून सवयीने आपला ‘सलाम’ गेला. आमच्या बसचा अरब चालकही रोज सकाळी सलामच म्हणतो. घरी आपण मंडळीत एकमेकांना म्हणतो तो शब्द इथे दिवसभर दोन्ही बाजूंनी कानावर पडतो.

आईसाठी जैतुनाचे तेल आणि यरीहोचा खजूर घेतला आहे. यार्देनच्या काठाचा एक गोटा तुमच्यासाठी, पेपरवेट होईल एवढा. ताईला सांगावे की मृत समुद्रात मी तरंगलो, आणि डोळ्यात पाणी गेल्यावर काय होते तेही मला कळले.

बाबा, पुस्तकांच्या कपाटावर गुंडाळून ठेवलेला तो कापडी नकाशा मी येईपर्यंत कुणाकडून तरी खाली काढून घ्या, तुम्ही स्वतः स्टुलावर चढू नका. यार्देन तुम्ही बोटभर जाड काढली आहे, ती दोऱ्याएवढी करावी लागेल. आणि क्षारसमुद्राचे पाणी दर वर्षी मीटरभर उतरते आहे, तेव्हा त्याची निळी बाजू खालून बरीच खोडावी लागेल. रंग मी आणतो. माघारी वळलेला मासा मात्र तुम्हीच काढा.

आपला आज्ञाधारक,
धाकटा